मोडीत निघालेल्या काठ्या

रट आयर्न. गोल्फची एक जुनी काठी: लोखंडी डोकं, जेमतेम चेंडूएवढं. चवड्याकडची बाजू गोल करून आखडून घेतलेली, तोंडाला किंचित खोलगटपणा, मान जाडजूड. दांडा अ‍ॅशच्या लाकडाचा, मागाहून केलेली असेल तर हिकरीचा. काम एकच: गाडीच्या चाकोरीत जाऊन बसलेला चेंडू उकरून वर काढायचा.

स्कॉटलंडच्या समुद्रकाठची ही मैदानं, म्हणजे लिंक्स, बहुतेक ठिकाणी गावकीची होती. तिथे मेंढ्या चरत, बायका धुणं वाळत घालत, कोळी जाळी पसरत, घोडागाड्या जात-येत. त्या सगळ्यांतून वाट काढत काही मंडळी काठीने चेंडू मारत पुढे सरकायची. पडला तिथूनच मारायचा हा नियम, मग तो ओल्या चाकोरीत का पडेना. रुंद तोंडाची काठी चाकोरीत उतरतच नाही. म्हणून लोहाराकडून चेंडूच्या मापाचं डोकं ठोकून घ्यायचं. पुढे मैदानांना शिस्त आली, गाड्यांची वाट दुसरीकडून गेली, चाकोऱ्या बुजल्या. रट आयर्नला काम उरलं नाही. आज अठराव्या शतकातलं एखादं लिलावात आलं, तर अटलांटिकपलीकडून बोल्या लागतात.

गोल्फच्या जुन्या काठ्या जमवणाऱ्यांचा पंथ मोठा आहे. अमेरिकेत १९७० साली त्यांची संस्था निघाली, ब्रिटनमध्ये १९८७ साली. बहुतेकांना नामवंत कारागिराची काठी हवी असते, किंवा नामवंत खेळाडूने हाताळलेली. पण या पंथात एक पोटपंथ आहे. त्याला फक्त विक्षिप्त काठ्या लागतात: भोकं पाडलेल्या, दात असलेल्या, दोन तोंडांच्या, स्क्रूवर फिरणाऱ्या. मी गोल्फ खेळत नाही. लिलावांचे कॅटलॉग मात्र दिवाळी अंक वाचावेत तसे पहिल्या पानापासून वाचतो, आणि मला हा पोटपंथच जवळचा वाटतो. चांगली काठी बघून खेळ कळतो. विक्षिप्त काठी बघून खेळणाऱ्याला कशाची धास्ती होती ते कळतं.

लांब नाकाची काठी. ही मात्र विक्षिप्त नव्हे. एकोणिसावं शतक सरत येईपर्यंत लांब मारायचा ड्रायव्हर, स्पून, खळग्याजवळ चेंडू हलकेच लोटायचा पटर अशी लाकडी डोक्याची सगळी जात याच घडणीची होती. आजच्या डोळ्याला ती विचित्र दिसते, एवढंच.

डोकं लांबट, निमुळतं, उंचीला जेमतेम इंचभर. थॉर्न, बीच, सफरचंद किंवा पेअरच्या लाकडाचं. पाठीमागे खाच कोरून तीत वितळलेलं शिसं ओतलेलं, म्हणजे फटक्याला वजन येतं. तळाच्या पुढच्या कडेला मेंढ्याच्या शिंगाची पट्टी, खुंट्या ठोकून बसवलेली. जमीन घासून लाकूड फुटू नये म्हणून. दांडा डोक्यात घुसवलेला नसतो. डोक्याची मान आणि दांड्याचं टोक दोन्ही तिरकी तासायची, एकावर एक बसवायची, मध्ये सरस, आणि वरून राळ लावलेला दोरा इंच-इंच गच्च गुंडाळत न्यायचा. मुठीला कापडाच्या पट्ट्या, त्यांवर मेंढीचं कातडं. सबंध काठीत लोखंडाचा कण नाही, तरी माणसाने पूर्ण ताकदीने हाणली की दांडा लवतो आणि डोकं जागच्या जागी राहतं. जोडाचा हा दोरा बोटाने चाचपला तर प्रत्येक फेर वेगळा लागतो. चांगल्या कारागिराच्या जोडात दोन फेरांमध्ये नख शिरत नाही.

ह्यू फिल्प (१७८२–१८५६) हा मुळात सुतार. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या गावच्या गोल्फ मंडळीने १८१९ साली त्याला आपला काठीकार नेमलं. त्याचे पटर त्याच्या हयातीनंतर लगेचच जपून ठेवायच्या वस्तू झाल्या, आणि मग जे व्हायचं तेच झालं: फिल्पचा शिक्का मारलेले नकली पटर निघाले. फिल्पनंतर दुकान त्याच्या नात्यातल्या रॉबर्ट फोरगनकडे आलं. फोरगनच्या काठ्यांवर ब्रिटनच्या युवराजाच्या चिन्हातली तीन पिसं असतात. १९०१ मध्ये युवराज राजा झाला आणि पिसांच्या जागी मुकुट आला. जमवणाऱ्यांना अशी राजकृपा फार सोयीची पडते, काठीचं साल ठरवायला.

ए आणि डी ही दोन अक्षरं ठोकलेला एक पटर. अँड्र्यू डिक्सन, लीथचा. पोरवयात तो ड्यूक ऑफ यॉर्कच्या, म्हणजे पुढे इंग्लंडचा दुसरा जेम्स झालेल्या माणसाच्या चेंडूमागे धावत होता. चेंडू कुठे पडतो ते बघून ठेवण्याचं काम. ही १६८१-८२ च्या सुमाराची गोष्ट. मोठेपणी काठ्या करू लागला. गोल्फवरचं पहिलं स्वतंत्र पुस्तक, १७४३ चं, म्हणजे एक विडंबनकाव्य आहे आणि त्यात डिक्सनच्या काठीचा नावाने उल्लेख आहे. हा पटर २००७ साली न्यूयॉर्कमध्ये सदबीच्या लिलावात १,८१,००० डॉलरला गेला.

हलमधल्या कपाटातल्या आठ काठ्या. सहा लाकडी, दोन लोखंडी. इंग्लंडमधल्या हल शहरात एका घरात बंद होऊन राहिलेलं कपाट उघडलं, तर आत या काठ्या आणि सोबत यॉर्कशायरचं १७४१ सालचं वर्तमानपत्र. काठ्या कुणी केल्या ते शिक्क्यांवरून ठरत नाही. वर्तमानपत्राच्या वयाच्या तरी आहेत, कदाचित त्याहून म्हाताऱ्या. मालकी रॉयल ट्रून क्लबाची, मुक्काम सेंट अँड्र्यूजच्या संग्रहालयात. कपाट कुणी आणि का बुजवलं असेल याच्या कथा रचता येतील. मला त्यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की त्या माणसाच्या काळी खेळायला आठ काठ्या पुरत होत्या आणि त्यांतल्या दोनच लोखंडी होत्या. कारण तेव्हाचा चेंडू.

पिसांचा चेंडू. कातड्याची पिशवी शिवायची, उलटवायची, उरलेल्या फटीतून हंसाची उकडलेली पिसं लोखंडी दाभणाने छातीचा जोर लावून कोंबायची. एका चेंडूत उंच हॅटभर पिसं मावतात असं म्हणत. कातडं वाळताना आकसतं, पिसं वाळताना फुगतात, चेंडू दगडासारखा होतो. कसलेला माणूसही दिवसाला तीन-चारच करी. चेंडू महाग, काठीच्या मानाने तर फारच, आणि लोखंडाची धार लागली की शिवण उसवून पिसं बाहेर. तेव्हा लोखंडी काठी केवळ नाइलाज झाला तर: चाकोरी, वाळू, खडी.

१८४८ च्या आसपास गट्टापर्चाचा चेंडू आला. मलायातल्या एका झाडाचा चीक, आपल्या चिकूच्या आणि मोहाच्या कुळातलं झाड. सेंट अँड्र्यूजमध्ये अशी कथा सांगतात की पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती पेटीत भरून आली, मूर्तीला धक्का लागू नये म्हणून भोवती गट्टापर्चाचे तुकडे भरले होते, आणि घरातल्या तरुणाने ते तुकडे फेकून न देता उकळत्या पाण्यात मऊ करून त्यांचा गोळा वळला. खरी असो वा नसो, मूर्तीपेक्षा भुशाचाच महिमा वाढवणारी अशी पुराणकथा दुसरी मला माहीत नाही.

गट्टा स्वस्त. फुटला तर वितळवून पुन्हा वळायचा. त्याला लोखंडाचं भय नाही. त्यामुळे लोहारांना दिवस आले आणि लांब नाकाच्या काठ्यांवर संकट, कारण गट्टा इतका टणक की लाकडी तोंडं चेचू लागली. तोंडात चामड्याचे ठोकळे बसवून पाहिले. डोकी आखूड आणि जाड झाली, नाक गेलं. तोंडाला फुगवटा असलेली बल्जर १८८० च्या दशकात आली आणि दहा-पंधरा वर्षांत फिल्पची सगळी घडण जुनी ठरली. एका चेंडूने शंभर-दीडशे वर्षांचं सुतारकाम मोडीत काढलं. चेंडू बदलला की काठ्या बदलतात हे पुढेही घडत राहिलं. ओहायोच्या कोबर्न हॅस्केलने १८९८ मध्ये रबराचा धागा ताणून गुंडाळलेला चेंडू काढला, आणि सँडी हर्डने १९०२ ची ब्रिटिश ओपन त्याच चेंडूने जिंकली.

या दुसऱ्या चेंडूच्या आगेमागे, १८९० ते १९१० च्या दरम्यान, विक्षिप्त काठ्यांना ऊत आला. इंग्लंड-अमेरिकेत नवा मध्यमवर्ग खेळायला उतरला होता. त्याला लहानपणापासूनचा सराव नव्हता. हाताशी पैसे होते, आणि यंत्राने सगळं सुटतं असा विश्वास होता. पेटंट ऑफिसं गजबजली.

दात्यांची काठी. माँट्रोझच्या जेम्स रॉस ब्राउनने १९०५ मध्ये पेटंट घेतलं. लोखंडी तोंडाला उभ्या फटी, खालून उघड्या, म्हणजे बागेतलं दाताळंच. चेंडू डबक्यात किंवा भिजल्या वाळूत पडला, तर सपाट तोंडाआड पाणी अडतं आणि फटका मंदावतो. दात्यांमधून पाणी निघून जाईल, चेंडू मात्र अडकणार नाही, असा हिशेब. हिशेब बरोबर होता. पण प्रत्येक फटक्यात दाते गवताच्या मुळांत गुंतायचे. नावं लष्करी ठेवली होती, त्यांतलं एक मेजर जनरल. या काठ्या थोड्याच विकल्या गेल्या, त्यांतल्या बऱ्याच वाकल्या, म्हणून आज त्या दुर्मिळ आणि भयंकर महाग. अपयशाला बाजारात किती किंमत येऊ शकते याचा नमुना पाहायचा तर हा पाहावा. याच कारणासाठी काहींनी लोखंडी तोंडाच्या मधोमध एकच मोठं भोक ठेवून पाहिलं होतं. आजच्या नियमात तोंडाला आरपार भोक चालत नाही.

उर्कहार्टची काठी. एडिंबरा, १८९० चं दशक. एकच काठी; मानेतली कळ दाबून पातं फिरवायचं आणि हव्या त्या कोनात अडकवायचं. तीत लांब मारायच्या ड्रायव्हिंग आयर्नपासून चेंडू उंच उचलणाऱ्या निब्लिकपर्यंत सगळं आलं, उलटं फिरवून डावखुऱ्यालाही चालते. काठ्या वाहणाऱ्या कॅडीचे पैसे वाचले. खेळणाऱ्यांनी नाक मुरडलं, यंत्रात वाळू गेली, लोखंड गंजलं. पातं मोकळेपणी फिरणारी उर्कहार्ट आज मिळाली तर ती आठवड्याभरात कुणाच्या तरी काचेच्या कपाटात जाते. गंमत म्हणजे अलीकडे ड्रायव्हरचं डोकं पाना लावून हव्या त्या कोनात बसवता येतं आणि नियमही त्याला मान्यता देतो, फक्त खेळ चालू असताना पान्याला हात लावायचा नाही.

सिंप्लेक्स. ब्रूस्टर नावाच्या इंग्रजाचं १८९७ चं पेटंट. दांडा टाचेत न बसवता डोक्याच्या मध्याकडे घेतलेला, डोकं होडीसारखं दोन्हीकडे निमुळतं. आत कुठलाही खोटेपणा नाही, वजनाचा हिशेब चोख. दिसते मात्र अशी की चार लोकांत बाहेर काढवत नाही, आणि गोल्फमध्ये हे कारण पुरेसं असतं.

फेअर्लीची अँटी-शँक, १८९१. चेंडू पात्याला न लागता पात्याच्या मानेला लागतो आणि काटकोनात उजवीकडे झुडपात जातो, त्याला शँक म्हणतात. एकदा लागला की माणूस पुढचे महिनाभर त्याच भीतीने खेळतो. फेअर्लीने पातं मानेच्या पुढे आणलं, म्हणजे चेंडूला लागायला मानच समोर नाही. कल्पना अगदी शहाणी. पण पिशवीत ती काठी ठेवणं म्हणजे आपल्याला हा रोग आहे अशी पाटी लावून हिंडणं. त्याच सुमारास स्मिथ नावाच्या दुसऱ्याने मानच मागे वाकवून घेतली. दोघांच्याही काठ्या बऱ्यापैकी सापडतात. जाहीर कबुली द्यायला तयार असलेली माणसं तेव्हाही होती म्हणायची.

क्रॅन क्लीक, १८९७: लोखंडी पात्याच्या पोटात लाकडाचा ठोकळा, लोखंडाची अचूकता आणि लाकडाचा गोडवा एकत्र यावा म्हणून. आला नाही.

दोन तोंडांची डुप्लेक्स: चेंडू झाडाच्या बुंध्याला टेकला तर डावखुऱ्यासारखं उभं राहून मारण्यासाठी.

तळाला चाकं लावलेला पटर. यावर न बोललेलं बरं.

अवाढव्य निब्लिक, एडिंबऱ्याच्या कॉक्रेन कंपनीचं. पातं पसरलेल्या तळहाताहून मोठं. रट आयर्नचं डोकं चेंडूएवढं होतं, त्या टोकापासून हे दुसरं टोक. खोल वाळूत उपयोग होई म्हणे. पिशवीत मात्र बाकीच्या काठ्यांचं रंगकाम खरवडून काढायचं.

ॲल्युमिनियमची काठी. संडरलंडच्या विल्यम मिल्सने १८९० च्या दशकात ॲल्युमिनियमची डोकी ओतायला सुरुवात केली. आकार मुद्दाम लांब नाकाचा ठेवलेला, म्हणजे जुन्या पिढीचा हात बिचकू नये. डोक्यावर वजन ठोकलेलं, मॉडेलची खूण ठोकलेली. लाकडी काठी हरवली की तशीच दुसरी मिळत नसे, ही मिळू लागली. पटर तर इतके चांगले होते की अजून लोक त्यांनी खेळतात. याच मिल्सने १९१५ मध्ये आपल्या नावाचा हातबाँब तयार केला, पहिल्या महायुद्धात तो कोट्यवधींनी निघाला आणि १९२२ मध्ये मिल्स सर झाले. मुठीत नीट बसणारी धातूची जड वस्तू ओतण्याचं कसब दोन्हीकडे कामी आलं. संग्राहकांच्या दोन वेगवेगळ्या जमाती त्याच्या मालासाठी भांडतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

रविवारची काठी. स्कॉटलंडमध्ये एके काळी रविवारी खेळणं पाप. सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स आजही बहुतेक रविवारी बंद असतं, लोक तिथे कुत्री फिरवतात. तर रविवारी फिरायला जाताना हातात साधी चालायची काठी, फक्त तिची मूठ म्हणजे गोल्फच्या काठीचं छोटं डोकं. चर्च मागे पडलं, आजूबाजूला कुणी नाही असं दिसलं, की काठी उलटी धरायची, खिशातला चेंडू टाकायचा आणि दोन फटके मारून घ्यायचे. पाळक येताना दिसला की काठी पुन्हा सुलटी. काही डोकी सुंदर कोरलेली आहेत, शिंगाच्या पट्टीसकट, आतलं शिसंही खरंखुरं. सगळ्या विक्षिप्त काठ्यांत मला हीच हवीशी वाटते. बाकीच्यांची लढाई पाण्याशी, वाळूशी, स्वतःच्या हाताशी. हिची थेट देवाशी, आणि तीही इतक्या बेताबेताने.

स्केनेक्टडी पटर. न्यूयॉर्क राज्यातलं स्केनेक्टडी हे जनरल इलेक्ट्रिक कंपनीचं गाव. तिथल्या आर्थर नाइट या नोकरदाराने ॲल्युमिनियमचा पटर केला. दांडा टाचेत नाही, जवळजवळ डोक्याच्या मध्यात बसवलेला. पेटंट मार्च १९०३ चं, ती तारीख डोक्यावर ठोकलेली असते.

तो गाजला वॉल्टर ट्रॅव्हिसमुळे. ट्रॅव्हिस ऑस्ट्रेलियात जन्मलेला, अमेरिकेत स्थिरावलेला, पस्तिशीच्या सुमाराला गोल्फ शिकलेला. दाढीवाला, तोंडात सदा काळी सिगार, अबोल. १९०४ मध्ये तो ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धेला सँडविचला गेला. तिथे त्याला धड वागवलं नाही अशी त्याची तक्रार होती: उतरण्याची सोय नाही, कॅडी कुचकामी. लांब फटका त्याच्याकडे नव्हता. पण ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या हिरवळीवर, आला की हा चमत्कारिक पटर काढायचा आणि चेंडू खळग्यात. अंतिम फेरीत समोर एडवर्ड ब्लॅकवेल, त्या काळच्या सर्वांत लांब मारणाऱ्यांपैकी एक. ट्रॅव्हिसने त्याला हरवलं. ब्रिटिश अमॅच्युअर पहिल्यांदाच समुद्रापार गेली.

यानंतरचा प्रकार वाचताना हसावं की रागवावं कळत नाही. १९०९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका क्लबाने सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट या नियम ठरवणाऱ्या क्लबाला सहज विचारलं, क्रोकेच्या मोगरीने पट केलेलं चालेल का? उत्तर आलं, नाही. मग नियम लिहायची वेळ आली आणि १९१० मध्ये मोगरीच्या धर्तीच्या सगळ्याच काठ्या बाद झाल्या, त्यांत स्केनेक्टडीही गेला. अमेरिकेच्या गोल्फ संस्थेने मानायला नकार दिला. चाळीस वर्षं एकच पटर समुद्राच्या एका काठावर कायदेशीर आणि दुसऱ्या काठावर बेकायदा होता. १९५१ मध्ये दोन्हीकडच्यांनी बसून एक नियमावली ठरवली तेव्हा बंदी उठली. बंदी ट्रॅव्हिसच्या विजयाचा सूड म्हणून आली असं अमेरिकेत सर्रास म्हणतात. मध्ये सहा वर्षं गेली, तेव्हा नुसता सूड म्हणणं जरा जास्त होतं. पण ट्रॅव्हिस पहिल्याच फेरीत हरला असता तर कुणाला त्या मोगरीची इतकी चिंता वाटली असती, असं मला वाटत नाही.

खोल खाचांचं लोखंड. पात्यावर तासलेले रुंद चर, चेंडूला उलटी फिरकी देऊन ग्रीनवर जागीच थांबवणारे. सेंट अँड्र्यूजमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत गेलेला जॉक हचिसन १९२१ ची ओपन जन्मगावीच या काठ्यांनी जिंकला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये त्यांवर बंदी, अमेरिकेत १९२४ पासून. स्पॉल्डिंगने चरांच्या ऐवजी पात्यावर आडवी लाट घडवलेली धबधबा नावाची जात काढली होती. तिची विक्री फारशी झाली नाही, म्हणून तिला आज भाव.

खोलगट सँड वेज, १९२८ चं पेटंट, वॉल्टर हेगनच्या नावावर विकलेलं. पातं डावासारखं आतून खोल, तळ जाड. वाळूतून चेंडू उचलून आणायचं. अमेरिकी खेळाडू बॉबी जोन्सला ते हॉर्टन स्मिथ या दुसऱ्या खेळाडूने दिलं होतं, आणि १९३० च्या ओपनमध्ये हॉयलेकला जोन्सने सोळाव्या होलवर तेच काढून स्पर्धा वाचवली. त्या वर्षी त्याने चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. पुढच्याच वर्षी हे पातं बाद. खोलगटामुळे चेंडू एका फटक्यात दोनदा लागतो, हा आक्षेप. आक्षेप खरा होता.

जोन्सच्या पटरची गोष्ट वेगळी. कॅलॅमिटी जेन. हिकरीचा दांडा, त्याला चिरा गेलेल्या, म्हणून जागोजागी दोरा गुंडाळलेला. जोन्सची कीर्ती झाल्यावर त्या पटरच्या प्रती बाजारात आल्या, तर त्यांच्या धडधाकट दांड्यांवरही तसेच काळे दोरे गुंडाळलेले. चीर नाही, मलमपट्टी आहे. कारखान्यातून निघतानाच.

खरी कत्तल झाली ती पोलादी दांड्याने. अमेरिकेने त्याला १९२४ मध्ये मान्यता दिली, ब्रिटनने १९२९ मध्ये. ब्रिटनची मान्यता कशी आली त्याची कथा अशी की तेव्हाचे युवराज ओल्ड कोर्सवर पोलादी दांडे घेऊन खेळून गेले, आता त्यांना बाद कसं ठरवायचं? हिकरीचा प्रत्येक दांडा वेगळा लवतो. खेळाडू वर्षानुवर्षं निवडून, तासून, चाखून पिशवी जमवत असे. पोलादाचे दांडे एका मापाचे निघाले, मग काठ्या संचाने विकायला लागल्या, संचातल्या काठ्यांना नावं कशाला, आकडे पुरे. मॅशी, निब्लिक, क्लीक, जिगर, ब्रॅसी, बॅफी ही सगळी मंडळी दहा वर्षांत पाच, नऊ, चार झाली. लॉसन लिट्लसारखे खेळाडू पंचवीस-पंचवीस काठ्या कॅडीच्या खांद्यावर लादू लागले तेव्हा अमेरिकेने १९३८ मध्ये आणि ब्रिटनने १९३९ मध्ये चौदाची मर्यादा घातली. चौदांत दाताळ्याला कोण जागा देणार?

लाकडी डोकं मात्र तगून राहिलं. पर्सिमनचं, म्हणजे आपल्या विडीच्या पानाची टेंभुर्णी ज्या प्रजातीची, तिच्यातलंच अमेरिकी झाड. १९७९ मध्ये गॅरी ॲडम्सने धातूचा ड्रायव्हर बाजारात आणला आणि त्याला पिट्सबर्ग पर्सिमन म्हटलं. पिट्सबर्ग पोलादाचं गाव. १९९३ ची मास्टर्स स्पर्धा लँगर या खेळाडूने लाकडी ड्रायव्हरने जिंकली. त्यानंतर लाकूड संपलंच.

ठोकलेली चिलीम. सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्ट्यूअर्ट या लोहाराची खूण. लोखंडी पातं कुणाच्या भट्टीतलं ते अशा खुणांवरून कळतं: काँडीचा गुलाब, लेव्हनच्या निकोलचा पंजा, किंगहॉर्नच्या गिब्सनचा तारा, अँडरसनचा बाण. बॉबी जोन्सची बरीच लोखंडं स्ट्यूअर्टची.

मुंबईत एका जुन्या सामानाच्या दुकानात अशी एक मॅशी पाहिली. दुकानदार ती शटर खाली ओढायला वापरत होता. पात्याची टाच शटरच्या कडीत बरोबर बसायची. दांडा हिकरीचा, मधोमध बाक आलेला, आपल्याकडच्या पावसाळ्यांचा हिशेब त्यात दिसत होता. मुठीचं कातडं गेलेलं, खालची कापडाची पट्टी काळी पडून लाकडाला चिकटलेली. तोंडावरचे ठिपके हाताने पाडलेले, ओळ सरळ नाही. पाठीवर चिलीम, दांडीसकट स्पष्ट. चिलमीच्या बाजूने मात्र कुणीतरी पॉलिश पेपर मारून पातं लख्ख केलं होतं आणि खालची अक्षरं अर्धी घासून गेली होती. जमवणाऱ्याला विचारा, तो सांगेल, गंज परवडतो, पॉलिश पेपर परवडत नाही. मी किंमत विचारली. शटरला दुसरं काही मिळेपर्यंत द्यायची नाही, असं उत्तर आलं.

ती इथे कशी आली याचं आश्चर्य नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यांत जुना. मुंबईतही १८४२ मध्ये क्लब निघाला होता. तो आता नाही. सेंट अँड्र्यूजच्या वसंतातल्या स्पर्धेत एक पदक मात्र अजून बाँबे मेडल या नावाने दिलं जातं, मुंबईच्या खेळाडूंनी पाठवलेलं. साहेब लोक काठ्या घेऊन आले, जाताना त्यांतल्या बऱ्याचशा, बुरशीने कातडं खाल्लेल्या आणि वाळवीने दांडे पोखरलेल्या, इथेच टाकून गेले असणार.

जमवणाऱ्यांच्या विरुद्ध एक दुसरी फळी आहे. ती जुन्या हिकरीच्या काठ्यांनी खरोखर खेळते. स्कॉटलंडमध्ये २००५ साली त्यांची जागतिक स्पर्धाही सुरू झाली. ही माणसं शंभर वर्षांपूर्वीची मॅशी घेतात, दांडा मोडला तर नवा घालतात, मुठीला नवं कातडं चढवतात, पातं तेलाने पुसतात आणि पावसात खेळतात. संग्राहकाच्या लेखी दांडा बदलला की काठी मेली, निदान किंमत तरी. मूळ कातडं, मूळ दोरा, मूळ वार्निश, सगळं जसं आहे तसं हवं. ढिला दोरासुद्धा घट्ट करायचा नाही. स्ट्यूअर्टच्या मॅशीपुरतं मला खेळणाऱ्यांचं पटतं. तशा हजारोंनी केल्या होत्या, अजून पुष्कळ शिल्लक आहेत, आणि वापरात राहूनच त्या नीट राहतात. ब्राउनचं दाताळं मात्र कुणाच्या हाती देऊ नये. तो माणूस ते एकदा तरी डबक्यात मारून बघणारच.